मोहोळ जाळलं त्या वर्षीची झुंबरबाई

झुंबरबाईच्या हाताला गुण होता, असं आता गावात कोणीही सांगतं. गुण कसला डोंबलाचा! ती बाई पहाटे उठायची, कमरेत वाकायची आणि डोळे उघडे ठेवायची. एवढंच. बाकीच्यांनाही देवानं दोन-दोन डोळे दिले होते, पण ते त्यांनी पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लावले, त्याला ती काय करणार? आज हेच लोक तिचं नाव निघालं की हात जोडतात. माझ्यासमोर जोडले की माझं डोकं फिरतं. बारा वर्षांपूर्वी याच हातांनी काय केलं ते मी पाहिलं आहे. त्यात माझेही दोन हात होते, म्हणून मीच सांगते.

मी कुंदाबाई. झुंबरबाई माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी तिला अक्का म्हणायची. नवऱ्याचं नाव चुडामण. हो, नाव घेते, आणि अरे-तुरेही करणार आहे. ऐकायचं असेल त्यानं ऐकावं.

आमचं गाव चोपड्याच्या खाली, तापीच्या काठाला. अक्काचं लग्न शहाद्याकडे झालं होतं. मानमोडीच्या तापात नवरा गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची. पोटी काही नाही. सासरच्यांनी तिला पोहोचवायलासुद्धा माणूस दिला नाही. एका गाडीवानाच्या हवाली केलं आणि मोकळे झाले. इथं आली तर त्याच तापात आई गेलेली आणि चुडामण दहा वर्षांचा. तिनं त्याला वाढवला. त्याच्या अंगावरच्या खरजेपासून त्याच्या लग्नातल्या फेट्यापर्यंत सगळं तिनं केलं. मी नवी नवरी म्हणून उंबरा ओलांडला त्याच दिवशी तिनं कोठीची किल्ली माझ्या ओच्यात टाकली आणि म्हणाली, "आते हाई तुनं घर. माले फक्त मनी वाडी पुरे."

वाडी म्हणजे डांगरवाडी. पावसाळा सरला की तापी आटते आणि दोन्ही अंगांनी रेतीचं पात्र उघडं पडतं. त्या रेतीत आमच्याकडे डांगरं लावतात. देशावरचे लोक ज्याला खरबूज म्हणतात ते आमचं डांगर. दिवाळीच्या पाडव्याला पंच नदीत उतरायचे, दोर टाकून पात्राचे पट्टे पाडायचे आणि घरोघरी वाटून द्यायचे. पट्टा विकत मिळत नसे आणि भांडूनही मिळत नसे. त्याच्या बदल्यात एकच बांधणूक होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, त्या घागरीच्या तोंडावर डांगर ठेवावं लागतं, आणि ते गावातल्या प्रत्येक घराला वाडीवाल्यांनी फुकट द्यायचं. डांगर अख्खं पाहिजे, गोल पाहिजे, घागरीवर ठेवलं तर लवंडता कामा नये. आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याच्या वाडीला दोष लागला, त्याचा पट्टा पंच काढून घ्यायचे. कोणाची ढोरं सुटली, कोणी बांध फोडून दुसऱ्याचे वेल बुडवले, असं काही झालं तर.

अक्काला दिलेला पट्टा सगळ्यांत कडेचा, थेट धारेला लागून. तिथं नुसती रेती. पंचांनी दिला कारण कोणाला नको होता. बाईला काय, चार वेल लावेल आणि कंटाळेल, असा हिशोब. ती कंटाळली नाही. ओल लागेपर्यंत कमरेएवढे चर खणायची, गावातून डोक्यावर शेणखत वाहायची, बी ओल्या फडक्यात बांधून पोटाशी धरून उगवायची. गावात जिच्या स्वतःच्या नावानं दोर पडतो अशी ती एकटी बाई होती. भावजयीच्या राज्यात राहणाऱ्या विधवेला याचा अर्थ काय असतो, ते पुरुषाला नाही कळायचं. तिला कोणाकडे लुगडं मागावं लागत नव्हतं. पंगतीत ती खालमानेनं बसत नव्हती. तो पट्टा गेला असता तर अक्का आमच्या घरातली एक खाणारं तोंड झाली असती, आणि हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, तिच्या भावालाही माहीत होतं.

आता मोहोळाचं सांगते.

गावाच्या वरच्या अंगाला दरडीवर एक जुना, अर्धा वाळलेला शिरस होता. त्याच्या फांद्यांना दर वर्षी कार्तिकात आग्या मोहोळं येऊन लागायची, वीस-पंचवीस तरी. दरडीच्या मातीत वेड्या राघूंची बिळं होती. पूर्वी काठावर करंज होते, निंब होते, शेतांना बोरी-हिवराची कुंपणं होती, आणि कपाशीत चार ओळी तिळाच्या, दोन ओळी अंबाडीच्या असायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा हे होतं. मग कपाशीला भाव आला. काठावरची काळी जमीन मोतीलाल आबांची. आबा म्हणजे गावातले मोठे, पंचांतलेही मोठे. त्यांनी करंज-निंब तोडून कापसाच्या जिनात जळणाला घातले, कुंपणं पेटवली, तीळ-अंबाडी काढून टाकली आणि कपाशी पार दरडीच्या टोकापर्यंत नेली. त्यांचं पाहून बाकीच्यांनी केलं. उरला तो शिरस, तोही कलंडलेला म्हणून. तिथं नांगर फिरत नव्हता.

मिठाच्या सत्याग्रहाला चार वर्षं झाली असतील. मोहोळ जाळलं त्याच्या आदल्या हंगामात आमची डांगरं फिकी निघाली. सावद्याचा एक व्यापारी यायचा, त्याला डांगर मोठं आणि जड हवं असायचं. म्हणून वाडीवाले फळ तोडायच्या आदल्या दिवसापर्यंत वेलांना घागरी ओतत राहिले. डांगरं फुगली दणदणीत, आणि चवीला पाणी. चोपड्याच्या बाजारात लोकांनी चाखून थुंकली. अक्का सांगत होती, "आबा, शेवटला पंधरा दिन पानी तोडा. डांगर आपोआप गोड व्हई." तिची डांगरं लहान होती आणि साखर होती. पण ऐकतो कोण!

पारावर बैठक बसली. तिथं मोतीलाल आबांनी अक्कल पाजळली. म्हणाले, "मोहोळनी माशी सकायथून संध्याकायपर्यंत आपली वाडीमा बठस. फुलमा तोंड घालस. मध गोड लागस ना? मंग तो गोडवा उना कोठून? आपला डांगरमाईन गया!"

झालं. सगळ्यांच्या माना हलल्या. मध गोड आणि डांगर फिकं, म्हणजे चोर सापडला. पाणी ओतणारे स्वतःचे हात कोणाला दिसले नाहीत. तुम्ही हसाल, पण तेव्हा कोणी हसलं नाही. मीही नाही. मला ते पटलं होतं. फुलात गोडवा असतो, माशी तो नेते, हे तर डोळ्यांना दिसतंच की, असं मी चुलीपाशी बसून म्हटलं होतं.

अक्का पारावर गेली. बाईमाणूस पारावर जात नाही, ती गेली. म्हणाली, मागच्या वर्षी लाल किडे फुलं खात होते म्हणून मी काही फुलांना चिंधी बांधली. "चिंधी बांधेल फुलवर माशी बसनी नही. ते बठ्ठे फुलं गळी गयात. एकले बी डांगर लागनं नही. मोहोळ जाळशात तं वाडी जाई, आबा."

आबा म्हणाले, "चिंधी बांधी तं फूल गुदमरीन मरनं. त्यामा माशी काय करी?" मंडळी हसली. कोणीतरी म्हणालं, झुंबरबाईची वाडीची वाट शिरसाखालूनच जाते, मध तीच काढून खात असेल, म्हणून एवढा कळवळा. पुन्हा हसले. आणि चुडामण, जो तिच्या हातानं जेवून मोठा झाला, तो काय म्हणाला? "अक्का, तू गप ऱ्हाय. घर चाल." बस्स, एवढंच बोलला शूर माणूस.

पौषात जाळलं. दिवेलागणीची वेळ निवडली, माश्या घरी आल्या की एकही सुटायला नको म्हणून. मशाली पाहिजेत तर चिंध्या पाहिजेत. चुडामणनं सांगितलं आणि मी जुनी गोधडी फाडली, बांबूंच्या टोकाला पीळ देऊन बांधली, करंजाच्या तेलात भिजवली. नऊ मशाली. अक्का ओट्यावर बसून बघत होती. मला म्हणाली, "कुंदा, घट्ट बांध. सुटनी तं कोनी जळी." तिला राग आलेला मला कळत होता आणि मी मान वर केली नाही. नवऱ्याचं काम म्हणून केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. आता नाही सांगत.

वाळलेला शिरस मशालींनी असा पेटला की कोणाच्या हातात राहिला नाही. मोहोळं मेण गळत खाली पडली. माश्या जळत जळत नदीपर्यंत उडाल्या आणि पाण्यात पडल्या. सकाळी धारेवर त्यांचा थर होता, माणसं घागरीनं बाजूला सारून पाणी भरत होती. दरडीचा तोंडाकडचा भाग तापून ढासळला, त्यात राघूंची बिळं गेली. दोन पोरांना माश्या चावल्या तर आबांनी त्यांच्या आईला गूळ पाठवला आणि गावात सांगितलं, औंदा डांगर साखरेचं लागणार.

माघात वेल पसरले. फुलं आली. अशी आली की पट्टे पिवळे दिसत होते. लोक खूश. मीही अक्काला म्हटलं, बघा, किती फुलं!  ती मला हाताला धरून वाडीवर घेऊन गेली आणि म्हणाली, ऐक. मी कान दिला. वारा होता, धारेचा आवाज होता. बाकी काही नव्हतं. एरवी त्या वेळी वाडीत गुणगुण इतकी असायची की शेजारच्या पट्ट्यातलं बोलणं ऐकू यायचं नाही.

चार दिवसांत फुलं गळायला लागली. फळाचं फूल ओळखायला सोपं असतं, त्याच्या बुडाशी सुपारीएवढं कोवळं डांगर असतंच. ती सुपारी पिवळी पडायची आणि बोट लावलं की खाली. जी थोडी टिकली ती एका अंगानं फुगली आणि दुसऱ्या अंगानं चिमटली, कोणी गालात मारल्यासारखी. वर लाल किडे आले. वेडे राघू असते तर त्यांनी वरच्यावर टिपले असते, पण राघू जाळलेल्या दरडीवर कशाला बसतील? किड्यांनी पानांची चाळण केली.

अक्कानं मग जे केलं त्याला लोक गुण म्हणतात. ती म्हणाली, माशीच्या पायाला पिवळा भुरका लागलेला मी रोज पाहते. या फुलातून निघते आणि त्या फुलात बसते. मग माशी नाही तर मी करते. दिवस उजाडायच्या आत ती वाडीत जायची. ज्याच्या बुडाशी काही नसतं असं फोल फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या ओरबाडायच्या, आणि उरलेला भुरका फळाच्या फुलात हलक्या हातानं फिरवायचा. फूल एक सकाळ जगतं. ऊन चढलं की मिटलं. तेवढ्यात जेवढी होतील तेवढी करायची. पहिल्या दिवशी तिनं चाळीस केली. आठ दिवसांनी त्यांतली तीसेक सुपारी होऊन टिकलेली दिसली. त्या दिवशी ती मला म्हणाली, "कुंदा, चाल." तेव्हापासून मीही जाऊ लागले. कंबर मोडायची. माशीचं काम माणसानं करायचं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. एक आख्खं मोहोळ जे विनातक्रार करत होतं, त्याच्यासाठी दोन बायका रडकुंडीला येत होत्या.

आणि हे नीट लक्षात ठेवा: तिनं लपवलं नाही. प्रत्येक वाडीवर गेली, बायकांना दाखवलं, असं करा, अजून वेळ आहे. झाडून साऱ्या पट्ट्यांवर गेली. मोतीलाल आबांच्या वाडीवरही. बायका करायला तयार होत्या, त्यांच्या नवऱ्यांनी हाकललं. फुलांना हात लावते, पाकळ्या तोडते, काहीतरी पुटपुटते म्हणे. ती मोजत होती हो! किती फुलं झाली ते मोजत होती!

चैत्र सरता सरता चित्र असं झालं की साऱ्या पात्रात वाकडी, पोकळ, किड्यानं खाल्लेली डांगरं, आणि कडेच्या पट्ट्यात गोल, जाळीदार, वासानं माणूस थांबावा अशी. आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल असं मला वाटलं. वेडी मी. पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं, "झुंबरबाईनी बठ्ठी बरकत आपला पट्टामा वढी लिन्ही." स्वतःच्या हातानं घर पेटवायचं आणि शेजारणीचं घर जळलं नाही म्हणून तिच्यावरच नजर रोखायची. 

आखाजी दोन दिवसांवर आली. घागरीवर ठेवायला कोणाकडे सरळ डांगर नाही. वाकडं ठेवलं की घरंगळतं. पितर वर्षातून एकदा येतात, त्यांच्यापुढे घागर अशी ठेवायची? मग एकेक जण आमच्या ओट्याशी येऊन खाकरायला लागला. चुडामणला भेटायला. चुडामण आत येऊन म्हणतो, "अक्का, पितरसना सवाल शे. दी टाक."

मी म्हटलं, अजिबात देऊ नका. एकालाही देऊ नका. घरंगळू देत सगळ्यांच्या घागरी.

अक्का म्हणाली, "देसू. बांधणूक शे ती. पन ज्याले पाहिजे त्यानी सोता वाडीमा यवो. सकाये, फुलं उघडतस तवय."

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सारे कर्ते पुरुष नदीत उतरले. उशिराच्या वेलांना अजून फुलं होती. अक्कानं एकेकाला वेलापाशी नेलं. "वाक," म्हणाली. "अजून वाक. देख. हाई फोल फूल. हाई फळनं फूल. यान्हा भुरका तिले लागना तं डांगर. नही लागना तं काहीच नही. हाई काम माशी करे. तुम्ही तिले जाळी टाकं." प्रत्येकाला तेच, तितक्याच शांतपणे. फोल फूल हातात द्यायची आणि एकदा स्वतः करायला लावायची. मग डांगर द्यायची. साठ घरं होती, साठ डांगरं दिली. मोतीलाल आबाही आले. त्यांचे गुडघे दुखत होते तरी वाकले. बघितलं. बराच वेळ बघितलं. डांगर उपरण्यात घेतलं आणि गेले.

म्हणजे त्या दिवशी साऱ्या गावाला कळलं होतं. अडाणी होते, माहीत नव्हतं, असं म्हणून सोडून द्यायची सोयच अक्कानं ठेवली नाही. मी त्या रात्री सुखानं जेवले. म्हटलं, आता हिच्या पट्ट्याला धक्का नाही.

दिवाळीच्या पाडव्याला दोर पडला. बायका वर काठावर, पुरुष खाली रेतीत. पट्टे पडत पडत कडेला आले आणि आबांनी हात वर केला. म्हणाले, गेल्या साली साऱ्या वाड्या बसल्या आणि एकच पिकली. दोष कुठून लागला ते पंचांनी पाहिलं आहे. फुलांना हात लावायची चाल आपल्यात नाही. पट्टा काढला.

एक जण बोलला नाही. जे वाकले होते, ज्यांच्या बोटांना तो पिवळा भुरका लागला होता, त्यांतला एकही नाही. का, ते मला तेव्हाच कळलं. ती खरी ठरली तर हे सारे खोटे ठरत होते, आणि एका बाईपुढे खोटं ठरण्यापेक्षा तिचं अन्न काढून घेणं त्यांना सोपं होतं.

मी काठावरून खाली उतरले. डोक्यावरचा पदर कुठे गेला याची शुद्ध नव्हती. ओरडले, "मशाली मी बांध्यात! दोष लावा तं माले लावा! मोहोळ तुम्ही जाळं, मी जाळं! तिनी काय करं?" कोणीतरी म्हणालं, चुडामण, बाईला आवर. अक्का पुढे आली आणि तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती तिच्या भावापुढे जाऊन उभी राहिली. दोराचं टोक त्याच्या हातात होतं.

"चुडामण," ती म्हणाली, "तू बोल."

तो दोराकडे बघत राहिला. मी त्याचा चेहरा बघत होते. त्याला बोलायचं होतं, हे मी शपथेवर सांगते. ओठ हललेसुद्धा. आणि मग आबा म्हणाले, "पट्टा घरना घरमाच ठेवू. चुडामणना नाववर टाका दोर." त्याचे ओठ मिटले. खाली बसला आणि त्यानं खुंटी ठोकली. स्वतःच्या हातानं, त्याच पट्ट्यात.

अक्का त्या दिवसापासून लोकांच्या शेतात मजुरीला जाऊ लागली. कपाशीच्या शेतात, आबांच्याही. घरात माझ्याशी बोलायची, पोरांना घ्यायची, भावाशी एक शब्द नाही. जेवायला वाढलं की आधी विचारायची, सगळ्यांचं झालं का? इतक्या वर्षांत तिनं असं कधी विचारलं नव्हतं. 

चुडामणनं वाडी चांगली केली. चर खोल घेतले, खत भरपूर घातलं. माघ आला. वेल धारेपर्यंत गेले आणि एका सकाळी पट्टा पिवळा झाला. शिरसाच्या जागी काळं खोड उभं होतं, मोहोळ एकही आलं नव्हतं. तो दिवस उजाडतानाच वाडीवर गेला होता, आणि तसाच परत आला. त्याला जमेना. बोटं जाड, फुलं मोडत होती. एक हिरवी सुपारी त्याच्या मुठीत होती, तुटलेली.

अक्का ओट्यावर मजुरीला निघायच्या तयारीत बसली होती, विळ्याला धार देत. तो तिच्यापुढे उभा राहिला. तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलला.

"अक्का, फुलं उघडी गयात. चाल ना."

अक्कानं विळ्यावर बोट फिरवून धार पाहिली.

"माशीले बलाव," ती म्हणाली.

"माशी कोठे शे आते?"

"तेच माले बी इचारनं शे."

एवढं बोलून तिनं भाकरीचं फडकं काखेत मारलं आणि ती आबांच्या शेताकडे निघून गेली.  ऊन चढत होतं, फुलं मिटायला घडीभर उरली होती. चुडामण माझ्याकडे वळला. म्हणाला, तुलाही येतं ना?

मी म्हटलं, येतं. मला चांगलं येतं. अक्कानं शिकवलं आहे.

तो वाट बघत राहिला. मी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं आणि भाकरी थापायला बसले.